जेवली नाही म्हणून सुई नाही

९ जून, मंगळवार

भिंगरीला अतिदक्षता विभागात ठेवलंय. सकाळपासून चार उलट्या, मग तो श्वास — खोल, भरभर, पळत आल्यासारखा. तोंडाला पिकलेल्या फळाचा वास. आठ वर्षांची माझी पोर मला ओळखेना! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मधुमेहात शरीराला इन्शुलिन मिळालं नाही की रक्तात आम्ल साचतं. एखादी सुई चुकली का, विचारलं. मी नाही म्हटलं. जीभ झडली कशी नाही माझी!

काल पोट दुखतं म्हणून जेवलीच नाही ती. जेवण नाही तर सुई कशाला, साखर फार उतरेल, असं वाटलं. रात्रीची दिली नाही. आज सकाळचीही नाही.

हे तावातावानं विचारत होते, काय खायला घातलं हिला? सासूबाई पुढे झाल्या. म्हणाल्या, क्रीमची बिस्किटं दिली मी. ह्यांनी त्यांना नाही नाही ते ऐकवलं. आणि मी? तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

१० जून

सलाईन हळूहळूच सोडतात. मी म्हटलं, जरा भरभर सोडा की! नर्सताईंनी समजावलं — घाई केली तर मेंदूला सूज यायची भीती असते. दर तासाला बोट टोचतात, डोकं दुखतं का विचारतात. साखर उतरली तेव्हा वाटलं, आता इन्शुलिन बंद करतील. छे! सलाईनमधून साखर सुरू केली आणि इन्शुलिन चालूच ठेवलं. आम्ल जाईपर्यंत थांबवायचं नाही म्हणे. मी नेमकं उलटं केलं होतं.

११ जून

"आई, भूक लागली." रडू की हसू!

१२ जून

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून टाकलं. झाडतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "आजारपणात इन्शुलिन उलट जास्त लागतं. हे आम्ही तुम्हाला आधीच समजावायला हवं होतं." कागदावर लिहून दिलं: उलटी झाली तरी इन्शुलिन बंद नाही, लगेच फोन करायचा. मग ह्यांना सांगितलं. तर म्हणाले, आईची माफी कोणत्या तोंडानं मागू?

१३ जून

घरी आलो. भिंगरीनं दारातूनच आजीकडे धाव घेतली. मी सासूबाईंचे पाय धरायला वाकले, तर त्यांनी हात धरला.

"बिस्किटं मी दिलीच नव्हती गं. दवाखान्याची पिशवी भरताना हिशेबापेक्षा दोन सुया जास्त उरलेल्या दिसल्या, तेव्हाच कळलं मला. तो तुझ्यावर तुटून पडला असता, तर पोरीपाशी कोण उभं राहिलं असतं?"