फुटके चेंडू

४ नोव्हेंबर. पहाटे.
शाळेतल्या ड्रिल मास्तरांची शिट्टी आज पुन्हा कानात वाजली. लांबलचक, शेवटी जराशी फाटलेली. काय ते मैदान, काय त्या तोंडपाठ कविता! त्या शिट्टीनं आमची अख्खी पिढी व्यसनापासून वाचवली. माझ्या मुलाला मात्र ती ऐकू गेली नाही. दारूनं नेला. नातवाचं तसं होऊ देणार नाही. ठरलं. गल्लीत फुटबॉल क्लब! शिट्टी आजच आणतो.

११ नोव्हेंबर.
नातू कॅप्टन. क्लबच्या सामानखोलीची किल्ली त्याच्याकडेच. विश्वास टाकला की पोरं सुधारतात. खेळाआधी मी रोज एक कविता म्हणून दाखवतो. दुसऱ्या कडव्याला पोरं उठून सामानखोलीत जातात. मन भरून आलं की माणसाला आडोसा लागतो.

२० नोव्हेंबर.
कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानाकडे माझी टीम ढुंकूनही बघत नाही! दुकानदाराला सुनावलं, आता शटर ओढा. तो म्हणाला, काका, माझ्याकडे कशाला बघता, पोरांकडे बघा जरा. जळतोय मेला.

२८ नोव्हेंबर.
चेंडू चिकटवायला नातवानं पुन्हा पंक्चरच्या सोल्युशनच्या ट्यूबा मागितल्या. अख्खा बॉक्सच आणून दिला. काय खेळत असतील! चेंडू टिकतच नाहीत. ही म्हणाली, अहो, चेंडू तर कोरे करकरीत दिसतायत. हिला स्पोर्ट्समधलं काय कळतंय.

६ डिसेंबर.
नातू जेवत नाही. डोळे लाल, जीभ जड. सूनबाई रडायला लागली. म्हणाली, बाबा, ह्यांचंही सुरुवातीला असंच झालं होतं. मी पोराचं तोंड हुंगलं. दारूचा टिपूसभर वास नाही! नुसता सोल्युशनचा. कष्टाळू पोरगं. सुनेला सांगितलं, मैदानाचा थकवा आहे. उद्यापासून दोन कविता.

९ डिसेंबर. हॉस्पिटलच्या बाकावर.
आज पहिली मॅच होती. समोरची टीम आली, आमची नाही. शिट्टी फुंकून फुंकून गाल दुखले. घरी येऊन विजयगीताचं शेवटचं कडवं जुळवत बसलो.
दारावर थाप. नातवाची खरडपट्टी काढायची म्हणून तावातावानं दार उघडलं.
दारूचा दुकानदार. खांद्यावर नातू. मान लोंबकळलेली.
म्हणाला, काका, आधी गाडीत बसा. तुमच्या सामानखोलीत पडला होता. आणि हे माझ्या दुकानातलं नाही हो.
त्यानं पोराची मूठ उघडून दाखवली. मी आणलेल्या बॉक्समधलीच ट्यूब.