रिकाम्या काट्यावर अडलेला पडदा

६ जानेवारी १९९२, सोमवार
पुन्हा अडला. या हंगामात चौथ्यांदा. साखर कारखान्याच्या कॉम्प्युटरचे चारही पडदे जिथल्या तिथे गोठलेले, बटणं दाबा नाही तर डोकं आपटा. मशीन बंद करून चालू केलं. तोवर उसाच्या बैलगाड्यांची रांग कालव्याच्या पुलापर्यंत गेली. शेतकी अधिकारी दारातूनच, "बाई, तुमच्या कंपुटरला बी ऊस तोडायला लावलाव का? लय दमतंय."
चारही वेळा रिकाम्या काट्याच्या, म्हणजे ऊस उतरवून परतणाऱ्या गाड्या तोलतात तिथल्या खिडकीत वत्सला होती. नवरा बॉयलरवर होता, तो गेल्यावर तिला इथे तात्पुरती घेतली. कीबोर्डवर बोटं मीच वळवली तिची. आज सगळ्यांसमोर झापलं. काय दाबलंस?
"काईच न्हाई, मॅडम. गाडीवानानं नाव सांगितलं, ते घातलं."
विश्वास ठेवला नाही.

७ जाने.
पुण्याला, मशीन देणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला फोन. म्हणाला, अडला की बंद करू नका. त्या क्षणी मशीनच्या मेमरीत जे आहे ते सगळं छापून काढा, त्याला डंप म्हणतात. वाचणार कोण? "तुम्हीच. आमचा माणूस महिन्याशिवाय येत नाही."

९ जाने., गुरु.
अडला. छापत बसले. पाऊण तास प्रिंटर किरकिरत होता, बाहेर गाडीवान शिव्या घालत होते. शून्य ते नऊ, ए ते एफ, पानामागून पान, दुसरं काही नाही. बी.एस्सी.ला सोळाच्या पायाची गणितं केली होती, त्याला तीस वर्षं झाली. तिसऱ्या पानावर डोळे भरले. चष्मा बदलायला हवा.

११ जाने., शनि.
काल पुन्हा. दुसरा गठ्ठा.
एमडी साहेबांपुढे शेतकी अधिकारी: वत्सलाला काढा. आणि हळूच, "सही कंपुटरच्या बाईची असली म्हणजे बरं. न्हाईतर नामांतरवाले उद्या गेटावर मोर्चा आणतेत."
सही केली. 'हाताळणीतील चूक'. शब्द माझेच. वत्सलाने पत्राची घडी घातली. "येते, मॅडम."

१२ जाने., रवि.
सापडलं.
दोन्ही गठ्ठ्यांत तीच जोडी. भरल्या गाड्यांच्या काट्यावरचा पडदा ऊसतोड टोळीची नोंद धरून बसलेला, ऊसमालकाची नोंद मोकळी व्हायची वाट बघतो. रिकाम्या काट्यावरचा पडदा मालकाची धरून बसलेला, टोळीची वाट बघतो. कुणीच सोडत नाही. बाकीचे मागे तुंबतात.
टोळीचा मुकादम गाड्या फुटू देत नाही. एका शेतातल्या सगळ्या जमल्या की मगच रांगेत. त्यामुळे पहिली गाडी रिकामी होऊन परततेय तोवर शेवटची भरल्या काट्यावर चढते. टोळी तीच, मालक तोच. दोन्ही खिडक्यांत नेमकी एकाच क्षणी नोंद पडली की अडलाच. रात्री सुटे ट्रक येतात, म्हणून रात्री अडत नाही. दिवसपाळी वत्सलाची.
कंपनीने दोन्हीकडे आधी टोळीच विचारली होती. दिवाळीत मी बदलून घेतलं. टोळीचा नंबर विचारला की गाडीवान गप्प, 'कुणाचा ऊस?' म्हटलं की पटकन सांगतो. म्हणून रिकाम्या काट्यावर आधी मालक. माझी हुशारी.

१३ जाने.
क्रम पूर्वीसारखा केला. तासाभराचं काम. वत्सलाच्या खुर्चीत अधिकाऱ्याचा भाचा.

१७ जाने., शुक्र.
पाच दिवसांत एकदाही नाही. अधिकारी खूश. "बघा बाई, ती गेली अन् मशीन कसं लोण्यावाणी चालायलंय." म्हटलं, प्रोग्राम मी बदलला, चूक माझी होती. "तुमी मोठ्या मनाच्या. पांघरूण घालायलाव तिच्यावर."
एमडींपुढे गठ्ठे ठेवले. त्यांनी वरचं पान उलटंच धरलं. "सीझन संपू द्या, बाई." तोवर भाचा कायम होईल.

१९ जाने., रवि.
रेल्वेने पिंगळीला, वत्सलाच्या घरी. वत्सलाला सगळं सांगितलं. ती ज्वारी निवडत ऐकत होती. "म्हंजे तुमाला ठाव हाय, आता मला ठाव झालं. तिसऱ्या कुणाला?"
सासूने विचारलं, "हिला परत न्यायला आलाव का, बाई?" नाही म्हणणं जमलं नाही.

२१ जाने., मंगळ.
कागद कुणी वाचत नाही. अडलेला पडदा सगळ्यांना कळतो. एमडींना लेखी कळवून, पोच घेऊन, माझा दिवाळीचा चुकीचा क्रम सकाळी परत चढवला. खिडकीत भाचा. अधिकाऱ्याला शेजारी उभं केलं.
गंगाखेडकडची टोळी आली, एकाच मालकाच्या नऊ गाड्या. नऊच्या नऊ पार झाल्या. मागून आणखी दोन टोळ्या. पडदा अडला नाही.
"काय दावायलाव, बाई? समदं तर झकास चाललंय."
म्हटलं, उद्या पुन्हा उभे राहा.
"उद्या मला काम हाय."
रांगेत बायका तान्ह्या पोरांना घेऊन उसावर बसलेल्या. अडला तर तासभर त्या उन्हात. नाही अडला तर वत्सला कायमची दोषी. काय व्हावं म्हणून मी उद्या काट्यावर जायचं?
चुकीचा क्रम अजून काढलेला नाही. तसाच ठेवून आले.