पोलिसाला व्हय म्हणायचंय

आबा, धाकटा आज येतोय. जिवंत. दुपारी पाथर्डीच्या ठाण्यात आणणार हायेत त्याला, आणि सकाळधरनं मी दोनदा लुगडं बदललं, एक भाकरी जाळली, शेजारणीवर उगाच खेकसले. ती म्हणाली, "अगं, लगीन हाय का तुझं?" मी म्हणाले, "लग्नाला एवढी घाई न्हवती मला!" एस्टीला अजून तासभर हाय. बसवत न्हाई, म्हणून लिहितेय. दुसरीपर्यंतच शिकवलंत, पण पाटी तुमीच आणली हुती बाजारातनं, फुटू नये म्हणून धोतराच्या सोग्यात गुंडाळून. तवा चुकलेल्या अक्षरांचा दोष निम्मा तुमचा.

तुमी गेलात तवा हा रांगत हुता. आई त्याच्या बाळंतपणातच गेलेली, म्हणजे वाढवला मीच. लढाईच्या आदल्या साली तो तिकडं कच्छात रस्त्याच्या मातीकामाला गेला. मुकादमाची गाढवं माती वाहायची. त्यातलं एक सुटलं, हा त्याच्यामागं खारट रानात पळाला, आणि धुळीत देशाची हद्द कुणाला दिसते? गाढव सांजच्याला माघारी आलं. हा पलीकडच्या शिपायांना सापडला. मुकादम आमाला येऊन एवढंच म्हणाला, "हरवला." बाकीचं मला लई मागनं कळलं. तिकडं घुसखोर म्हणून सहा महिन्यांची शिक्षा झाली, ती संपली, पण सोडायचा कुणाच्या हातात? ते सरकार विचारतंय, हा तुमचा का? आपलं म्हणतंय, बघून सांगतो. मधी लढाई पेटली, बोलणंच तुटलं. ती संपल्यावर कागद पुन्हा हलला आणि आपल्या गावात आला, तर गाव उसाला गेलेलं, दारादाराला काट्या लावलेल्या. ठाण्याचा शिपाई मग विचारत विचारत राहात्याकडं, आमी ऊस तोडत हुतो तिथं, माझ्या पाचटाच्या कोपीपर्यंत आला. मी मोळी बांधत हुते. त्यानं कागद वाचला, म्हणाला, "हा तुझा भाऊ का?" कशासाठी ते त्यानं सांगितलं न्हाई.

आबा, तिथं मला तुमचा तो दिवस दिसला. मी सात वर्षांची हाय, चुलीपुढं बसलेय. दारात शिपाई उभा. "चुलता घरात हाय का गं पोरी?" मी मोठ्या शहाणपणानं सांगते, "व्हय, माळवदावर झोपलेत." बांधाच्या भांडणापायी चुलत्याला नेला, तो पाय मोडूनच परत आला. तुमी मला मारलं न्हाई. माझी हनुवटी धरून म्हणालात, "पोलिसाला आधी न्हाई म्हणायचं. खरंखोटं मागनं बघू." हातात पीठ तसंच हुतं माझ्या.

तेच केलं मी. म्हणाले, "न्हाई. आमच्यात असलं कुणी न्हाई." वाटलं, पोरगं कुठं मारामारी करून बसलंय. शिपाई म्हणाला, "नीट आठव बाई, गाव हेच, बापाचं नाव हेच." मी म्हणाले, "त्या नावाचे बाप गावात ढीगभर हायेत." तो हसला, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं, दोन कांड्या ऊस घेऊन गेला. मी पुढची मोळी बांधायला घेतली.

पावसाळ्यात तिकडच्या तुरुंगातनं धाकट्याचं कार्ड आलं. शाळेच्या गुरुजींनी वाचलं. "अक्का, हितले साहेब म्हणतात, तुझ्या घरचे तुला वळखत न्हाईत. मी काय केलं गं?" मी कार्ड पदरात बांधलं. मग तहसील, नगर, पुन्हा तहसील. गुरुजी अर्ज लिहायचे, मी सही करायची, पाटीवर काढायचे तशी मोठाली. कारकून म्हणायचा, "बाई, दोन सरकारांचं काम हाय, वेळ लागतो." मी म्हणाले, "सरकारं हायेत का सवती? एकमेकींच्या तोंडाकडं बघत बसल्यात, आणि पोर उंबऱ्यावर!" तो म्हणाला, "आवाज खाली." दीड वरीस गेलं असं. एकदा ओठावर आलं हुतं, "साहेब, माझं न्हाई बिगीबिगी पोचलं, मग व्हयलाच एवढा वेळ का?" पण गिळलं. न्हाई म्हणालं कोण, ते सांगावं लागलं असतं. गुरुजींनासुद्धा मी सांगितलंय, शिपाई चुकून दुसऱ्याच कोपीत गेला. सरकारनं वेळ लावलाच, ते काय खोटं न्हाई. पण त्यातला दीड वरसाचा तुकडा माझा हाय.

आता ठाण्यात फौजदार त्याला पुढं उभा करणार आणि मला विचारणार, हा तुमचा कोण? गुरुजींनी चारदा बजावलंय, "तिथं वाद घालू नका, फक्त व्हय म्हणा." सकाळधरनं शेळीपुढं म्हणून बघतेय, "व्हय साहेब, माझा भाऊ." शेळीपुढं झकास जमतं! एवढ्या मोठ्यानं म्हणाले की शेजारीण पुन्हा डोकावली. केस पिकले असतील का त्याचे? त्याला आवडतात म्हणून शेंगदाण्याच्या चटणीत लसूण दुप्पट घातलाय.

एस्टीचा धुरळा दिसतोय वळणावर. हा कागद चुलीत घालून निघते, घरात सापडायला नको. फौजदाराला मी व्हय म्हणेन, आबा, तेवढा तुमचा शब्द मोडणार. पण येताना गाडीत धाकट्यानं विचारलं, "अक्का, मला वळखत न्हाई म्हणालं कोण?", तर त्याला आधी म्हणेन, "मला काय ठावं." खरंखोटं मागनं बघू.