रविवारची अंडी आणि आजीचं खरं नाव

मी, कुमारी अलकनंदा येशुदास साळवे, वय एकाहत्तर, केंद्र सरकारच्या रेकॉर्ड विभागातून निवृत्त, राहणार फरीदाबाद, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय लिहिते. उद्गारचिन्हं जास्त पडलीत ती आनंदाने, वयाने नव्हे. शुद्धीबद्दल मागाहून कोणी शंका काढू नये.

१. राहतं घर धाकटा भाऊ दीनानाथ यास. अकरा वर्षं माझ्याशी बोलला नाही, तरी देते. कारण नोंदवून ठेवते. आमच्या आजीचं नाव शाळेच्या दाखल्यावर 'मार्था व्हिटकॉम'. तेवढ्यावरून हा दिल्लीभर सांगत सुटला, "आमची आजी गोऱ्या साहेबाची लेक!" चारचौघांत मी म्हटलं, "पुरावा दाखव." झालं, बिनसलं!

२. कपाटातल्या बावीस फायली दीनानाथची मुलगी अरुणा हिला. दिल्लीत मुनिरक्यात खोली घेऊन शिकते. बापाच्या नकळत माझे ईमेल तीच पाठवते. अमेरिकेतल्या आयोवाची एलिझा व्हिटकॉम, शंभर वर्षांपूर्वीची शेतकरीणबाई, आजीच्या मिशनशाळेच्या देणगीवहीत नाव सापडलेली, तिचा माग मी अठ्ठावीस वर्षं काढतेय. लोक हसले. हसोत! फाइल कधी हरवत नसते, भलत्याच रॅकवर पडलेली असते.

मंगळवारी एलिझाच्या पणतीचं पत्र आलं. अगं बाई, काय सांगू! एलिझाची पाच वर्षांची मार्था घटसर्पाने गेली. तेव्हापासून कोंबड्यांनी रविवारी घातलेली अंडी एलिझा मिशनसाठी विकायची. त्या पैशांवर दुष्काळात पोरकी झालेली नगरची एक मुलगी शिकली, आणि एलिझाच्या इच्छेने तिला त्या गेलेल्या लेकीचं नाव मिळालं. साहेबबिहेब कोणी नव्हता रे, दीनानाथ. अंडी होती!

सोबत मिशनच्या बाईंनी एलिझाला धाडलेल्या जुन्या पत्राची नक्कल. त्यात एक ओळ: 'मुलीला घरी भागू म्हणत.' आजी मला म्हणायची, "मला दुसऱ्याच नावाने हाक मारायचे गं, काही केल्या आठवत नाही." मरेपर्यंत आठवून बघत होती बिचारी. मी ओक्साबोक्शी रडले, मग शेजारी पेढे वाटले.

~~३. बँकेतल्या ठेवीतून आजीच्या नगरच्या थडग्यावर 'भागू' कोरावं. 'मार्था' पुसू नये. तेही कुणाचं तरी लेकरू. उरलेली रक्कम अरुणाला.~~

काल दीनानाथला फोनवर सगळं वाचून दाखवलं. 'भागू'ची ओळ त्याने पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाला, "अच्छा... म्हणजे अक्का, पुढे सगळं आयुष्य तिला त्या नावाने कोणीच हाक मारली नाही?"

वकील म्हणतात, मृत्युपत्रातलं काम मृत्यूनंतरच. म्हणून कलम ३ मी स्वहस्ते खोडलं आहे. मरायची वाट कोण बघतंय! ठेव मोडली. सोमवारची नगरची दोन तिकिटं काढली आहेत, दुसरं दीनानाथचं. पहिली हाक तो मारणार आहे.

सही: अलकनंदा येशुदास साळवे

साक्षीदार (आमच्यासमक्ष सही व खोडाखोड झाली):
१. सूर्यकांत उजागरे
२. डॉ. हेमलता पटवर्धन

स्थळ: फरीदाबाद
दिनांक: १२ नोव्हेंबर १९९९