आमच्याकडे सुतक आहे

२४ नोव्हेंबर

माझ्या वर्गातल्या स्पिरिदूलाने आज परत विचारलं, "चार तारखेला किती वाजता येऊ?"

खरं तर असं कोणी विचारत नाही. नामदिनाला बोलावणं नसतंच. संत वारवाराचा दिवस म्हणजे सगळ्या वारवारांचा, म्हणजे माझाही. ज्याला आठवण असेल त्याने यायचं, बेल वाजवायची. आपण दार उघडायचं, गोड द्यायचं. पण ती बिचारी गेल्या वर्षी येऊन परत गेली, म्हणून विचारते.

गेल्या वर्षी आई आणि मी दिवे बंद करून स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसलो होतो. बेल चारदा वाजली. जिन्यातून स्पिरिदूलाचा आवाज आला, "कुठे गेल्या असतील गं?" आईने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. मला दार उघडायचं होतं. अजूनही उघडायचंय.

२७ नोव्हेंबर

आईला विचारलं. हॉटेल ऑक्टोबरमध्ये बंद झालं, तेव्हापासून तिला खोल्या साफ करायचं काम नाही. म्हणाली, "काय ठेवू त्यांच्या पुढ्यात? पाणी?" मी म्हटलं, पाणी ठेव. तर चिडली. मग थोड्या वेळाने, "पुढच्या वर्षी बाबा जर्मनीहून येतील ना, तेव्हा करू."

गेल्या वर्षीही हेच म्हणाली होती. शब्दन् शब्द.

मला फार काही नको. पलंगावर कोटांचा ढीग हवा. बसायला जागा नाही म्हणून कोणीतरी दारात उभं हवं. आणि स्वयंपाकघरात बाबा मोठ्यांदा हसत असावेत. बस्स.

१ डिसेंबर

बाबांचा फोन बंद. काल पण बंद होता.

२ डिसेंबर

मी आज काय करून बसले!

बाई वर्गात म्हणाल्या, "परवा वारवाराचा दिवस. शाळा सुटली की सगळे मिळून जाऊया का तिच्याकडे?" सगळे हो हो करायला लागले. पंचवीस जण! माझ्या तोंडातून निघून गेलं – "आमच्याकडे सुतक आहे. आजोबा गेले."

इथे सुतक असलं की वर्षभर सण नाही, नामदिन नाही. कोणी विचारत नाही, कोणी येत नाही. स्पिरिदूलाने मला मिठी मारली आणि तीच रडली.

आजोबा, म्हणजे आईचे बाबा, डोंगरातल्या गावी ठणठणीत आहेत. रविवारीच फोनवर माझ्याशी बोलता बोलता बकरीला शिव्या घालत होते. देवा, त्यांना काही होऊ देऊ नकोस.

३ डिसेंबर

कोणी येत नाही म्हणे! सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून लोक जेवण घेऊन येतात – हे मला माहीत होतं की. शेजारच्यांकडे आम्हीच नव्हतो का गेलो? पण काल डोकं कुठे होतं कोण जाणे.

संध्याकाळी बेल वाजली. सुतकात काळं घालतात, आणि आईने लाल स्वेटर घातला होता. दारात बाई, स्पिरिदूला आणि तिची आई, खालच्या स्तामातिया काकू. सगळ्यांच्या हातात भांडी. बाई म्हणाल्या, "तुमच्या वडिलांचं ऐकलं. फार वाईट झालं."

आई पांढरी पडली. "बाबा? कधी?" तिला खरंच वाटलं! हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी तिच्या गळ्यात पडले आणि कानात सांगितलं, "आई, खोटं आहे. मीच बोलले शाळेत."

तिने माझ्याकडे पाहिलं. आता ही सगळ्यांसमोर ठेवून देणार, असं वाटलं. पण ती खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली. इतकी रडली की काकू पण रडल्या. "रड बाई, रड. मोकळी हो," म्हणत राहिल्या.

माशाचं सूप, पांढऱ्या घेवड्याची आमटी, पाव, रव्याचा हलवा. स्पिरिदूलाच्या आईचं भांडं सगळ्यात लहान होतं. पलंगावर कोट पडले होते. काकूंना बसायला जागा नव्हती. मला लाज वाटत होती आणि त्यांनी जाऊ नये असंही वाटत होतं.

सगळे गेल्यावर आई एवढंच म्हणाली, "आजोबांना कधी कळता कामा नये." आणि मग, "जेव."

मी दोनदा आमटी घेतली. तिनेही.

४ डिसेंबर

माझा दिवस. बेल वाजली नाही.

आजोबांचा फोन आला. "खूप आयुष्य लाभो गं पोरी! येतायत ना लोक आज?" मी म्हटलं, हो, येतायत. "मग फोन ठेव, दार उघड जा." मी फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन रडले.

८ डिसेंबर

बाबांनी फोन केला. चार दिवस उशिरा! फोन बिघडला होता म्हणे. "कसा झाला नामदिन? आलं होतं का कोणी?"

मी म्हटलं, घर भरलं होतं. ते इतके खूश झाले! कधी येणार ते विचारायचं राहूनच गेलं.

११ डिसेंबर

उद्या संत स्पिरिदोनचा दिवस, म्हणजे स्पिरिदूलाचा नामदिन. मधल्या सुट्टीत स्पिरिदूलाला विचारलं, "किती वाजता येऊ?"

ती दप्तराचा पट्टा ओढत राहिली. "या वर्षी नाही गं. आमच्याकडेही सुतक आहे. मामा गेले."

तिच्या आईला भाऊ नाही. बहीणही नाही. तिसरीत असताना तिनेच सांगितलं होतं.

मी तिला मिठी मारली. घरी येऊन आईला सांगितलं. तिने मोठं पातेलं काढलं आणि उद्यासाठी छोले भिजत घातले.