रानकबुतरांची गादी

६ मार्च १७६४, हॅडलो गाव

पोचलो एकदाच्या. बर्फावरून बैलांच्या घसरगाडीत बसून हाडं खिळखिळी झाली, पण पेलांचं दुकान पाहिलं आणि सगळा शीण उतरला. कथलाची ताटं, पितळी किटल्या, मेणबत्त्यांचे साचे, निळीच्या वड्या, आढ्याला टांगलेल्या साखरेच्या ढेपा, एका खोलीत काय काय म्हणून मावावं! माझी डॉर्कस किटलीत स्वतःचं तोंड बघून जीभ काढत बसली. पाच वर्षांची झाली तरी अक्कल तेवढीच. मालक असाहेल पेल मोजकंच बोलतात, पण त्यांनी तिला मक्याच्या भाकरीवर काकवी घालून दिली. पोरीला जेवू घालणारा माणूस वाईट नसतो, एवढं मला कळतं.

माझं काम पिसांच्या गाद्यांचं. जाड कापड कापायचं, पिसं टोचून बाहेर येऊ नयेत म्हणून आतून साबण घासायचा, बदकाची पिसं भरायची, तोंड शिवायचं. मागची खोली आम्हा मायलेकींची. मालकीण हुल्डाबाई माडीवर अंथरुणाला खिळून आहेत आणि त्यांचं सगळं मालक स्वतःच्या हाताने करतात. असा नवरा मिळायला नशीब लागतं. माझा लढाईवर गेला तो गेलाच. आता मला डॉर्कस आणि डॉर्कसला मी, तिसरं कुणी नाही.

१९ मार्च

काम जमलं. गिऱ्हाईकंही ओळखीची झाली. सगळ्यांत तोंडाळ जेरुशाकाकू. सुया घ्यायला येते आणि गावाची धुणी धुऊन जाते. आज नातीच्या लग्नासाठी गादी बघायला आली. नवरा कसाही मिळाला तरी बाई निभावून नेते, म्हणाली, गादी मात्र चांगली हवी, कारण ती बदलून मिळत नाही. मग गादी हुंगली, दाबली, कोपरा उसवायला लावून आतली पिसं तपासली. मी चिडले. तर म्हणाली, रागावू नकोस केझाया, कबुतराचं पीस नाही ना एवढंच बघते. कबुतराच्या पिसावर माणसाचा जीव जात नाही, अडकून राहतो. तिचा सासरा असाच दिवसच्या दिवस तडफडत होता. शेवटी उशी फाडली तर आत मूठभर कबुतराची पिसं. म्हाताऱ्याला उचलून जमिनीवर ठेवला आणि गेला बिचारा शांतपणे. जिवंतपणी मला छळलंन, मेला तोही छळूनच, असं म्हणून काकू स्वतःच हसली.

१२ एप्रिल

रानकबुतरं आली. दुपारी ऊन झाकलं गेलं एवढा मोठा थवा. सगळा गाव जाळी घेऊन माळावर धावला. घरोघरी कबुतरं शिजताहेत आणि डॉर्कसच्या तोंडाची चरबी काही पुसली जात नाही.

कबुतराची पिसं कुणी घरात ठेवत नाही, खड्ड्यात पुरतात. मालकांनी मात्र ती पोती भरभरून आणली आणि मला नुसत्या त्याच पिसांची गादी भरायला सांगितली. गावात कोण घेणार ही, असं मी विचारलं. विकायची नाही, म्हणाले, माडीवरची जुनी दबली आहे.

मी भरली. पगार खाते, नाही कशी म्हणणार?

१४ एप्रिल

आज गादी बदलायला मला माडीवर नेलं. हुल्डाबाईंना पहिल्यांदा पाहिलं.

अंगात काही म्हणता काही उरलेलं नाही. कातडी हाडांना चिकटली आहे. छाती हलत नाही. डोळे मात्र लख्ख, माझ्याकडे वळणारे. मालकांनी त्यांना उचललं ते पिसांच्या दुलईसकट. दुलईचा कोपरा घसरला तर केवढ्याने खेकसले माझ्यावर. गादी घालून मी वाकले तेव्हा बाईंचे ओठ हलले. मला जमिनीवर ठेव, म्हणाल्या. पुन्हा तेच. मालक म्हणाले, ती अशीच बरळते, लक्ष देऊ नकोस.

खाली आले ती तडक जेरुशाकाकूकडे गेले.

काकूला विचारलं. ती म्हणाली, हुल्डा? गावचं प्रार्थनाघर बांधत होते त्या साली वैद्याने हात टेकले होते तिच्यापुढे. रात्र काढणार नाही म्हणाला होता. आता त्याच प्रार्थनाघराचं छप्पर गळतं आहे.

२३ एप्रिल

मी मालकांना तोंडावर बोलले. देव ज्याला बोलावतो त्याला दाराला बांधून ठेवणं हे पाप आहे, प्रेम नव्हे. ते निळीच्या वड्या लावत होते, लावतच राहिले. मग म्हणाले, केझाया, तुझ्या डोळ्यांदेखत कुणी गेलेलं नाही. तुझा नवरा दूर गेला. जवळचं गेलं की मग मला शिकव.

पाद्रीबाबांना सांगायचं आणि हे घर सोडायचं. दुसरीकडे मिळेल ते करीन.

३ मे

जाणं राहिलं. गावात घटसर्प आलाय. रस्ते बंद. काकूची नवरी नात गेली. काकू दुकानात आली, कफनाचं कापड घेतलं, हुंगलं नाही, दाबलं नाही, तसंच घेऊन गेली. 

डॉर्कस ठणठणीत आहे. सकाळ-संध्याकाळ मी तिचा घसा बघते.

६ मे

घसा लाल आहे. भाकरी गिळवत नाही म्हणते.

८ मे

पांढरा पापुद्रा धरलाय. श्वास शिट्टीसारखा वाजतो. वैद्य आला, बघितलं, टोपी हातात घेऊन उभा राहिला. उद्याचा दिवस म्हणाला.

दाराबाहेर मालकांनी एक गादी आणून ठेवली आहे. लहान. तिच्या मापाची. कधी शिवली कोण जाणे. मी लाथ मारली तिला.

९ मे

ओठ निळे पडले. माझ्याकडे बघत होती.

मी घातलं तिला त्या गादीवर. मी. माझ्या हाताने. कुणी जबरदस्ती केली नाही.

मालकांना मी काय काय बोलले होते.

११ मे

आहे. माझी पोर आहे.

घसा पुरता बंद झालाय. आरसा धरला, त्यावर वाफ येत नाही. हात गार. पण डोळे फिरतात. मी गाणं म्हटलं तर बघते. बरी होईल. पापुद्रा गळून पडतो कधीकधी, काकूच म्हणाली होती — बरी होईल.

१३ मे

काकू दाराशी आली होती. मी आत घेतलं नाही. तिने बाहेरूनच विचारलं, केझाया, कुठल्या गादीवर ठेवलंयस तिला?

दार लावलं.

मालक खूश आहेत. लाकडी बाहुली आणून दिली दुकानातली. सवय होते म्हणाले. आधी वास येतो, मग त्याचीही सवय होते.

१४ मे

बोलली. आवाज नाही, नुसते ओठ. आई, दुखतं.

कुठे दुखतं विचारलं.

सगळीकडे.

१५ मे

आई मला जमिनीवर ठेव. — हिला हे कुणी शिकवलं? माडीवरच्या तिचं काही हिने ऐकलेलं नाही. मी शपथेवर सांगते, ऐकलेलं नाही —

आज दिवसभर तेच. वर ती, खाली ही.

नाही ठेवणार. नाही.

१६ मे

ठेवली. सकाळी. ऊन आलं होतं तिथे, फळ्यांवर. स्तोत्र म्हटलं. डोळे मिटून घेतले.

उघडले तर ती बघतेच आहे.

सदरा काढला. केस विंचरले, दोन पिसं निघाली. कानामागे बघितलं. फळ्या झाडल्या, धुतल्या. कोरं कापड दुकानातून घेतलं, त्यात गुंडाळून मांडीवर घेतली. आता तरी —

नाही. दुखतं म्हणते.

कुठे राहिलंय? अजून कुठे —

माझा झगा. याच झग्यात मी ती माडीवरची गादी भरली. शिवणीत पिसं, बाह्यांत पिसं, माझ्या केसांत —

मी धरलंय म्हणून. मी धरलंय तोवर ती —

तिला कळलंय. माझ्या मुठीतून बोट सोडवून घेते आहे. आई, सोड.

हो गं बाळा. सोडते. खाली ठेवते आणि लांब जाऊन बसते. एवढं लिहून झालं की. एवढी ओळ — ही झाली की लगेच — अजून एकच, मग सोडते —