गळती बंद केल्यानंतर

२ एप्रिल १९५८, बुधवार

नोंदीत क्रम असावा, म्हणून प्रथम वस्तुस्थिती. सकाळी नऊला राळेगावहून बैलगाडीने निघालो, दीडला येथे पोहोचलो. मातीचे धरण, लांबी सातशे चाळीस फूट, उंची एकतीस. बांधून बत्तीस वर्षे झाली. जलाशयात आज अकरा फूट चार इंच पाणी. कर्मचारी एकच: धरणाचे पाणी सोडण्याच्या मोरीवरचा चौकीदार खेमसिंग. पलीकडच्या तांड्यातला, वय पन्नाशीचे. त्याची पत्नी भुरीबाई माझ्या मुक्कामाच्या सरकारी बंगल्यावर स्वयंपाक करते.

जागा रम्य आहे. पाण्यावर दीडशे तरी अडया बदके आहेत, काठावर चितळांचे माग. एवढ्या शांततेत मला काम करता आले नाही, तर दोष माझाच.

एकच डाग. मोरीची झडप गळते. माझ्या आधीच्या अधिकाऱ्याने ‘गळती किरकोळ’ हा शेरा नोंदवहीत अकरा वेळा लिहिला आहे. दुरुस्ती एकदाही नाही.

९ एप्रिल

गळती बंद केली. झडप साफ केली, बसवून घेतली, चक्राला कुलूप लावून शिशाची मोहोर केली, तसे वर कळवले. एक थेंब बाहेर पडत नाही.

खेमसिंग दिवसभर हात बांधून उभा होता. शेवटी म्हणाला, “साहेब, ते गळत नव्हतं. आमी एक बोट उघडंच ठेवून राह्यलो. माह्या बापानंबी ठेवलं होतं. खाली जंगलाचं पाणी हाय ते.”

खुलासा विचारला. धरणाखाली अर्ध्या मैलावर नाल्यात डोह आहे. या झिरपत्या पाण्यावर तो उन्हाळाभर टिकतो. खेमसिंगचे पूर्वज बैलांच्या पाठीवर माल वाहत. मुक्कामी आधी जनावराने प्यायचे, मग माणसाने, हा त्यांचा दंडक. धरण झाल्यावर तोच दंडक जंगलाला लावला. मी सांगितले की जनावरांना चार पाय आहेत; ती जलाशयावर येतील. भुरीबाई चुलीपासून बोलली, “साहेबाच्या घरी मडक्यालेबी कुलूप असन.”

अडाण्यांच्या विनोदाला उत्तर देणे म्हणजे त्याला प्रतिष्ठा देणे.

१७ एप्रिल

डोह आटला. अपेक्षेप्रमाणे जनावरे जलाशयावर आली. उत्तरेच्या चिखलात मोजले: चितळ चौदा, रोही म्हणजे नीलगायी तीन, अस्वल एक. सर्व माग पाण्याकडे जाणारे. परतीचे नाहीत.

खेमसिंगने माग पुसले असावेत, असे मानून त्याला ताकीद दिली. तो म्हणाला, आपण त्या बाजूला पाऊलही टाकत नाही.

दुसरी विसंगती. या उन्हात पाणी रोज पाव इंच तरी घटले पाहिजे. एक इंच वाढले आहे. मोजपट्टी तपासली. पट्टी बिनचूक आहे.

२३ एप्रिल

दुपारी बारा वाजून दहा मिनिटे. दुर्बिणीतून स्वतः पाहिले, म्हणून लिहितो.

रोह्यांचा कळप रांगेने काठावर आला. एकाही जनावराने पाण्याला तोंड लावले नाही. पहिला नर चालतच आत गेला: गुडघे, छाती, मान, शिंगे. पोहला नाही, धडपडला नाही. पाण्यावर तरंगही उठला नाही. मागची सहा त्याच चालीने गेली. शेवटच्या मादीने वळून बंगल्याकडे पाहिले, एवढेच.

एकही प्रेत वर आलेले नाही. पाणी दीड इंच वाढले. अडया सर्व उडून गेल्या.

वरिष्ठांना पत्र: मोरी उघडण्याची परवानगी मिळावी.

२८ एप्रिल

उत्तर लेखी नाही. टपालवाल्याबरोबर तोंडी निरोप: उन्हाळ्यात पाणी वाढते ही तक्रार कार्यालयात प्रथमच आली, साहेबांनी टोपी वापरावी. म्हणे सगळे हसले. ज्यांना साधे बाष्पीभवन मांडता येत नाही, ते हसतात.

दुसरे पत्र पाठवले, नोंदणीकृत.

आज खेमसिंगचे दोन्ही बैल गेले. दावी तोडली नव्हती, सोडलेली होती. कोणी सोडली ते भुरीबाईला आठवत नाही. ती दुपारभर पाण्याकडे तोंड करून बसते. खेमसिंगने प्रथमच माझे पाय धरले: झडप एक बोट उघडा, घरचं माणूस वाचवा.

सांगितले, मोहोर माझी असली तरी आता नोंद सरकारी आहे. लेखी आज्ञेशिवाय ती तोडणार नाही. किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली.

तो उठला. “तुमचा कागद येईन, साहेब. वाचायले कोन राहीन?”

२ मे

भुरीबाई गेली. सव्वाबाराला. डोक्यावर रिकामी घागर. मी हाक मारली. दोनदा. तिने घागर काठावर नीट ठेवली आणि—

खेमसिंग तिच्या मागे धावला. धाव पाण्यात शिरताच चाल झाली. तीच चाल.

पाणी तीन इंच वाढले. हे मोजले म्हणून मला माझीच—

टपाल नाही.

४ मे

लेखी आज्ञा नसली तरी उघडायचे ठरवले. मोरीकडे निघालो. बारा वाजले होते. नंतर बंगल्यात होतो. मधले आठवत नाही.

मोहोर शाबूत.

५ मे

उत्तरेच्या चिखलात बुटांचे माग. आठ नंबर, टाचेला सात खिळे. माझे. पाण्याकडे जाणारे. परतीचे—

पुन्हा तपासले. नाहीत.

पण मी टेबलाशी बसलो आहे. लिहितो आहे. अक्षर माझे आहे.

६ मे

किल्ली खिशातच. खिसा ओला आहे. कोट ओला आहे. शाई पसरते—

खिडकीत रोही उभे आहेत. चितळही. उन्हात नव्हे. प्रकाश हिरवा आहे, वरून येतो. भुरीबाई चूल पेटवते आहे. पेटत नाही.

वरिष्ठांस तिसरे पत्र. मुद्दे दोनच. मोरी उघडावी किंवा कसे. आणि हे लिहिणारा आज काठावर आहे की— याचा स्पष्ट निर्णय हवा. तोंडी निरोप चालणार नाही. उत्तर लेखी, सहीनिशी, परत टपाली, आजच्या आज या पत्त्यावर—